कमी बजेटमध्ये ऑनलाइन गोल हिरा घेताना: आधी कट, मग बाकी सगळं

पहिला हिरा घेताना मी रंग पाहिला, शुद्धता पाहिली आणि खूश झालो. रंग ई, शुद्धता व्हीव्हीएस२, आणि किंमत बजेटात. खडा घरी आल्यावर खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवला आणि शेजारी घरातल्याच एका जुन्या अंगठीतला हिरा ठेवला. तो रंगाने एच आणि शुद्धतेने व्हीएस२, म्हणजे कागदोपत्री माझ्या खड्याहून कितीतरी खाली. पण कागद जरासा हलवला की तो लखलखायचा, आणि माझा खडा मधोमध राखाडी, मंद दिसायचा. रिपोर्ट पुन्हा काढला तेव्हा त्यातली एक ओळ नीट वाचली. कट: गुड. ‘गुड’ म्हणजे चांगला असंच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो पाच पायऱ्यांमधला तिसरा दर्जा आहे.

हातात पैसे मोजके असतील तर ही एक ओळ बाकी सगळ्या ओळींच्या आधी वाचायची असते. हा पूर्ण लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: पैशाची वाटणी आणि एक निर्णय

खडा शोधायच्या आधी एकूण रकमेतून कोंदणाचा खर्च, कर, विमा आणि पाठवणी बाजूला काढा. सुट्या हिऱ्याची किंमत पाहून मन रमतं आणि शेवटी अंगठी घडवायला पैसे कमी पडतात. उरलेला आकडा कागदावर लिहा आणि साइटवरच्या किमतीच्या चाळणीत तोच भरा. त्याच्या वरचे खडे डोळ्यांना दिसूच देऊ नका.

दुसरा निर्णय नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हा. दोन्ही खरे हिरेच आहेत, दोन्ही शुद्ध कार्बनचे स्फटिक. कडकपणा तोच, चमक तीच. प्रयोगशाळेतले हिरे एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णतेच्या पद्धतीने किंवा सीव्हीडी म्हणजे वायूतून थर चढवत नेण्याच्या पद्धतीने बनतात. त्यांची किंमत नैसर्गिकपेक्षा खूपच कमी असते, पण पुढे विकायला काढलात तर हाती फार थोडं लागतं. नैसर्गिक हिराही दुकानात परत घेऊन गेलात तर दिलेली किंमत सहसा परत मिळत नाही. त्यामुळे हिऱ्याकडे गुंतवणूक म्हणून पाहूच नका. घालायला घेताय, तर कशाने समाधान होईल तेवढंच पाहा. मात्र विक्रेत्याने हिरा कुठल्या प्रकारचा आहे हे स्पष्ट लिहिलेलं असलंच पाहिजे. ते शोधावं लागत असेल तर पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: रिपोर्ट कोणाचा?

हिरा हातात नसताना आपल्याकडे पुरावा असतो तो स्वतंत्र प्रयोगशाळेच्या रिपोर्टचा. विक्रेत्याने स्वतः दिलेलं प्रमाणपत्र इथे धरायचं नाही. नैसर्गिक हिऱ्यांसाठी १९३१ साली स्थापन झालेल्या जीआयए या अमेरिकी रत्नसंस्थेचा रिपोर्ट सगळीकडे मानला जातो. आज जगभर चालणारी डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही रंगांची मोजपट्टी त्यांचीच. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांना बहुतेक वेळा आयजीआय या प्रयोगशाळेचा रिपोर्ट दिसेल.

प्रयोगशाळांचा काटेकोरपणा सारखा नसतो. एखाद्या ढिल्या प्रयोगशाळेने ‘जी’ म्हटलेला खडा कडक प्रयोगशाळेत आय किंवा जे निघू शकतो. म्हणून ‘त्याच दर्जाचा हिरा, पण खूप स्वस्त’ असं काही दिसलं की सगळ्यात आधी रिपोर्टवरचं नाव वाचा. रिपोर्टचा नंबर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साइटवर टाकून तपासता येतो. तेवढं एक मिनिट प्रत्येक खड्यासाठी काढाच. विक्रेत्याने लिहिलेलं वजन, मिलिमीटरमधली मापं, रंग आणि शुद्धता रिपोर्टशी तंतोतंत जुळली पाहिजेत.

या नंबरचा आणखी एक फायदा असा की एकच खडा अनेकदा चार-पाच विक्रेत्यांच्या यादीत असतो, कारण तो मुळात घाऊक व्यापाऱ्याच्या तिजोरीत पडलेला असतो. नंबर शोधयंत्रात टाकला की तोच हिरा दुसरीकडे कमी किमतीत सापडू शकतो.

तिसरी पायरी: कट. इथे वेळ घालवा

कट म्हणजे आकार नव्हे. गोल हा आकार झाला. त्या गोल खड्याला पैलू कोणत्या कोनांत, कोणत्या प्रमाणात आणि किती सफाईने पाडलेत, हा कट. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू असतात आणि तळाच्या टोकाला इवलासा सपाट पैलू ठेवला तर ५८. हिऱ्याचा रंग आणि आतले डाग निसर्गाकडून येतात, पण पाणी चढतं ते पैलू पाडणाऱ्याच्या हातून. आणि कारागिरासमोर एक मोह कायम असतो. कच्च्या खड्यातून जास्तीत जास्त वजन वाचवलं तर किंमत वाढते. कोन बरोबर ठेवायचे तर वजन घासून टाकावं लागतं. जाड, खोल, मंद हिरे बाजारात इतके का दिसतात, याचं उत्तर या मोहात आहे.

कोन इतके महत्त्वाचे का, हे एकदा समजून घेतलं की रिपोर्टवरचे आकडे बोलायला लागतात. हिऱ्याचा अपवर्तनांक साधारण २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूवर लंबरेषेपासून सुमारे २४.४ अंशांहून जास्त कलून पडला तर तो बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. मग समोरच्या पैलूवर जाऊन पुन्हा उलटतो आणि वरून तुमच्या डोळ्यांत परत येतो. खालचा भाग, ज्याला पॅव्हेलियन म्हणतात, जास्त उतरता किंवा जास्त उथळ झाला की हा दुसरा टप्पा चुकतो आणि प्रकाश खालून गळून जातो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये याचं गणित मांडलं: टेबल, म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू, व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा म्हणजे क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हेलियनचा ४०.७५ अंश. आजची टेबलं थोडी मोठी असतात, पण कोन अजून त्याच्याच आसपास घुटमळतात.

जीआयए गोल हिऱ्यांना २००६ पासून कटचा दर्जा देते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. चाळणीत फक्त एक्सलंट निवडा. पण तिथे थांबू नका, कारण एक्सलंटचं कुंपण बरंच रुंद आहे. दोन खडे शेजारी ठेवून पाहू. दोन्ही एक कॅरेटचे, दोन्ही एक्सलंट.

पहिला: व्यास ६.४३ ते ६.४६ मिमी, खोली व्यासाच्या ६१.२ टक्के, टेबल ५७ टक्के, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.८.

दुसरा: व्यास ६.३४ ते ६.३७ मिमी, खोली ६२.८ टक्के, टेबल ५८ टक्के, क्राउन ३५.५, पॅव्हेलियन ४१.२.

दुसऱ्याचं वजन तळात आणि कमरेत, म्हणजे मधल्या सगळ्यात रुंद कडेत, दडलंय. वरून तो लहान दिसतो, आणि दोन्ही कोन एकाच वेळी चढे असल्याने टेबलाच्या कडेखाली धुरकट कडं दिसण्याची शक्यता दाट. व्यापारात अशा खड्याला स्टीप-डीप म्हणतात. किमतीत तो थोडा उतरलेला असेल, आणि नवखा माणूस नेमका तोच उचलतो.

माझी स्वतःची चाळणी अशी आहे: टेबल ५४ ते ५८ टक्के, खोली ६० ते ६२.४, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हेलियन ४०.६ ते ४१. यात दोन कोनांची जोडी जमणं महत्त्वाचं. एक चढला तर दुसरा उतरावा. ३५ सोबत ४०.६ छान, ३४ सोबत ४१ छान. पण ३५ सोबत ४१ आला की व्हिडिओ बारकाईने पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. पॅव्हेलियनच्या बाबतीत ०.२ अंशाचा फरकही डोळ्यांना जाणवू शकतो, क्राउन थोडा जास्त माफ करतो. गर्डल, म्हणजे हिऱ्याची कंबर, थिन ते स्लाइटली थिक असावी. फार पातळ कंबरेचा टवका उडू शकतो, फार जाड कंबर नुसतं वजन खाते. क्यूलेट, म्हणजे तळाच्या टोकाचा सपाट पैलू, नन (नसलेला), पॉलिश आणि सिमेट्री दोन्ही एक्सलंट. हे झालं की चाळणीतून हजारोंमधले काही डझन खडे उरतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

एक सावधगिरी. रिपोर्टवरचे कोन सरासरीचे आणि जवळच्या टप्प्यावर नेलेले असतात. जीआयए क्राउनचा कोन अर्ध्या अंशाच्या आणि पॅव्हेलियनचा ०.२ अंशाच्या टप्प्यांत छापते. म्हणजे एक बाजू ४०.५ आणि दुसरी ४१.१ असली तरी कागदावर ४०.८ छापून येऊ शकतं. आकड्यांनी वाईट खडे गाळता येतात, चांगला निवडायला मात्र डोळे लागतात.

चौथी पायरी: व्हिडिओ वाचायला शिका

हिरा फिरताना दाखवणारा व्हिडिओ नसेल तर तो खडा सोडून द्या. असेल तर टेबल बरोबर समोर येईल तिथे थांबवा. चांगल्या गोल हिऱ्यात मधून कडेकडे जाणारे आठ गडद बाण दिसतात. ते कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब असतं, म्हणून गडद असणं दोष नाही. पाहायचं ते एवढंच की आठही बाण सारख्या जाडीचे, सरळ आणि न तुटलेले आहेत का. दोन-तीन बाण वाकडे किंवा अर्धवट असतील तर पैलूंची जुळणी ढिली आहे.

आता मध्यभाग. टेबलाखाली मोठा काळा डाग पसरलेला दिसला तर पॅव्हेलियन खोल आहे, याला नेलहेड म्हणतात. टेबलाच्या आत गर्डलचं पांढुरकं वर्तुळ उमटलं असेल तर तो उथळ आहे, तो झाला फिशआय. दोन्ही नकोत.

विक्रेत्याकडे आयडियल-स्कोप किंवा एसेट प्रतिमा मागा, म्हणजे हिऱ्यातला प्रकाश रंगांत दाखवणारे खास फोटो. आयडियल-स्कोपच्या प्रतिमेत लाल भाग म्हणजे परत येणारा प्रकाश आणि पांढरा किंवा फिकट भाग म्हणजे गळती. टेबलाखाली भरभरून लाल आणि कडेला तेवढे नियमित बारीक पांढरे ठिपके, हे चित्र उत्तम. सगळेच विक्रेते ही प्रतिमा देत नाहीत. पण विनंती केल्यावर कोण कसं उत्तर देतं, यावरूनही बरंच कळतं.

पाचवी पायरी: शुद्धता. इथे पैसे वाचतात

शुद्धतेच्या अकरा पायऱ्या आहेत, एफएल म्हणजे निर्दोषपासून, मग आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय असं उतरत आय३ पर्यंत, आणि त्या १०एक्स भिंगाखाली ठरतात. तुम्ही अंगठी भिंगातून पाहणार नाही. २५-३० सेंटिमीटरवरून, नुसत्या डोळ्यांनी, वरून पाहिल्यावर डाग दिसत नसेल तर खडा आयक्लीन, आणि गरज तेवढीच आहे. गोल हिऱ्याचा लखलखाट बारीकसारीक डाग झाकून टाकतो. त्यामुळे व्हीएस२ जवळजवळ नेहमी आणि एसआय१ बरेचदा आयक्लीन सापडतो. व्हीव्हीएससाठी मोजलेला जादा पैसा डोळ्याला कधीच दिसत नाही.

पडद्यावर मात्र घाबरायला होतं. साडेसहा मिलिमीटरचा हिरा पडद्यावर १३ सेंटिमीटर रुंद दिसत असेल, तर तुम्ही तो २० पट मोठा पाहताय. त्यात दिसणारा काळा ठिपका प्रत्यक्षात विसावा भाग आहे. चित्र लहान करा, मूळ आकाराच्या जवळ आणा आणि मग पुन्हा शोधा.

डाग कुठे आणि कसला आहे, हे दर्जाहून महत्त्वाचं. कडेला असलेला पांढरट स्फटिक कोंदणाच्या नखाखाली जाऊ शकतो. टेबलाखालचा काळा स्फटिक टाळा. गर्डलपर्यंत पोहोचणारी मोठी फेदर, म्हणजे पिसासारखी भेग, टाळा. एसआय१ किंवा एसआय२ खड्याच्या शेऱ्यात ‘शुद्धतेचा दर्जा नकाशात न दाखवलेल्या ढगांवर आधारित’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर जास्त सावध व्हा. एवढ्या खालच्या दर्जात ढगांमुळे, म्हणजे अतिबारीक ठिपक्यांच्या पुंजक्यांमुळे, पूर्ण हिराच दुधी दिसू शकतो, आणि मग कितीही उत्तम कट असला तरी पाणी मरतं. हेच वाक्य व्हीएस खड्यावर असेल तर सहसा काळजी नसते.

विक्रेत्याला थेट विचारा: “खडा आयक्लीन आहे का, दुधी किंवा तपकिरी-हिरवट छटा आहे का?” व्यापारात या दोषांना मिळून बीजीएम (ब्राउन, ग्रीन, मिल्की) म्हणतात. ‘नो बीजीएम’ असं उत्तर लेखी घ्या. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनाही हा प्रश्न विचारा. सीव्हीडीत कधी तपकिरी किंवा राखाडी झाक असते, एचपीएचटीत कधी निळसर.

सहावी पायरी: रंग आणि फ्लोरोसन्स

हिऱ्याचा रंग ठरवताना तो उलटा ठेवून कडेने पाहतात, कारण तिथेच पिवळी छटा सापडते. वरून, झगमगत असताना, ती बरीच लपते. पांढऱ्या धातूत बसवायचा असेल तर जी, एच, आणि कट छान असेल तर आयसुद्धा पांढराच वाटतो. पिवळ्या सोन्यात जे-के घेऊनही खंत वाटत नाही. एका हिऱ्याशेजारी दुसरे छोटे हिरे जडवणार असाल तर त्यांचे रंग एक-दोन पायऱ्यांत ठेवा, नाहीतर मधला पिवळा पडतो.

काही हिरे अतिनील प्रकाशात निळे चमकतात, याला फ्लोरोसन्स म्हणतात. फेंट आणि मीडियम फ्लोरोसन्समुळे भाव थोडा उतरतो आणि दिसण्यात सहसा काहीच बिघडत नाही. जीआयएने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य लोकांना वरून पाहताना हा फरक ओळखता आला नव्हता. बजेट कमी असताना हा सरळ फायदा आहे. फक्त स्ट्राँग आणि व्हेरी स्ट्राँग खडे दुधी तर नाहीत ना, हे विचारून घ्या.

सातवी पायरी: वजन, आणि मिलिमीटर

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि कॅरेटचे शंभर सेंट. अर्धा, पाऊण, एक अशा गोल आकड्यांना भाव एकदम उडी मारतो, कारण सगळ्यांना तोच आकडा हवा असतो. म्हणून ०.९०, ०.९२, ०.४७ असे खडे शोधा. चांगल्या कटचा ०.९२ कॅरेटचा हिरा साधारण ६.२७ मिमीचा आणि एक कॅरेटचा ६.४४ मिमीचा. फरक ०.१७ मिमी, म्हणजे कागदाची दोन पानं एकावर एक ठेवल्यावर होईल एवढी जाडी. बोटावर तो कुणालाही सांगता येणार नाही.

वजन आणि माप जुळतंय का, हे घरीही तपासता येतं. सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले खोली मिमीमध्ये गुणिले ०.००६१. वरच्या पहिल्या खड्याचं करून पाहा: ६.४४५ चा वर्ग ४१.५४, गुणिले ३.९४, गुणिले ०.००६१, उत्तर ०.९९८. हिशोबापेक्षा खरं वजन बरंच जास्त भरलं तर गर्डल जाड आहे असं समजा.

आठवी पायरी: पैसे भरण्याआधी

परतीची मुदत किती दिवसांची आहे, पूर्ण रक्कम परत मिळते का, आणि मुदत पाठवल्यापासून मोजतात की मिळाल्यापासून, हे लेखी पाहा. पार्सल पूर्ण किमतीला विमा उतरवून येतंय ना, आणि सहीशिवाय दिलं जाणार नाही ना, हेही. ‘क्लॅरिटी एन्हान्स्ड’ असा शब्द दिसला तर भेगा भरलेला किंवा लेझरने डाग जाळलेला हिरा असू शकतो. भेगांमधलं भरण पुढे दुरुस्तीच्या उष्णतेत खराब होतं, तो घेऊ नका.

शक्यतो खडा सुटाच मागवा. तोलून, फिरवून, सगळ्या बाजूंनी तो पाहता येतो. एकदा कोंदणात बसला की कंबर झाकते, कडेचे डाग झाकतात, आणि अनेक विक्रेते घडवलेली अंगठी परत घेत नाहीत.

नववी पायरी: घरी आल्यावर

पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. मग १०एक्स किंवा त्याहून मोठ्या भिंगाने गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर शोधा आणि रिपोर्टशी ताडा. अक्षरं इतकी बारीक असतात की पहिल्यांदा सापडायला पाच मिनिटंही लागतात, तेव्हा घाई करू नका. हिरा ओळखायच्या पेनसारख्या यंत्रावर विसंबू नका. उष्णता मोजणारी साधी यंत्रं मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही हिरा ठरवू शकतात, आणि प्रयोगशाळेतला हिरा त्यांना वेगळा ओळखता येत नाही. शंका असेल तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या रत्नपारख्याला दाखवा. त्याची भेट परतीच्या मुदतीत बसेल अशी आधीच ठरवून ठेवा.

नंतर हिरा कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून मऊ ब्रशने धुवा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो आणि बोटाच्या एका ठशानेही चमक मंदावते. पुसून पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा आणि तीन ठिकाणी पाहा: दिवसा खिडकीपाशी थेट ऊन नसताना, संध्याकाळी घरातल्या साध्या दिव्याखाली, आणि जेवणाच्या टेबलाखाली सावलीत. दुकानातल्या टोकदार दिव्यांत कुठलाही खडा चमकतो, पण सावलीतही पांढरे कवडसे फेकतो तो चांगल्या कटचा. थेट उन्हात तो काळपट दिसून त्यातून रंगीत ठिणग्या उडतील. ते बरोबर आहे, घाबरू नका. उन्हातच तो दुधी, धुकट वाटला तर मात्र मुदत संपायच्या आत परत पाठवा.

माझा दुसरा हिरा ०.९१ कॅरेटचा आहे, रंग एच, शुद्धता एसआय१, क्राउन ३४.५, पॅव्हेलियन ४०.८. कडेला एक पांढरा स्फटिक आहे. भिंगातून तो कुठे आहे हे मला माहीत असल्यामुळे सापडतो, नुसत्या डोळ्यांनी आजवर कधी सापडलेला नाही.